हाडक्या माळावरच्या टिटव्या

१

हे सगळं रामसिंग नायकानं केलं. तांड्यात कुणालाही विचारा, लोक लांडग्याचं नाव सांगतील, नशिबाचं सांगतील, नायकाचं सांगणार नाहीत. नायकाच्या ओट्यावर वर्षानुवर्षं फुकटचा चहा पिऊन म्हाताऱ्यांच्या जिभा जड झालेल्या. कुलदीपची झाली नव्हती, म्हणून तो उद्धट.

डोंगरकडा गावाच्या केळीच्या बागा मागं टाकून वर चढलं की बरड लागतं. मुरूम, कुसळी गवत, कुठं एखादी बाभळ. बरडाच्या पायथ्याला तांडा आणि वरच्या अंगाला हाडक्या माळ. तांड्यातलं जनावर मेलं की तिथं ओढून न्यायचं. बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहून मुलूख तुडवलेला, त्यामुळं मेलेल्या बैलाचं कातडं काढायचं नाही, पुरायचं नाही, जाळायचं नाही. कपाळाला हळद लावायची, दावं कापायचं, माळावर ठेवायचा आणि मागं न बघता परत यायचं. पुढचं काम गिधाडांचं. सकाळी ठेवलेला बैल सांजेला हाडं होऊन पडलेला असायचा, धुऊन पुसून ठेवल्यासारखा. घाण नाही, माशी नाही.

दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात लांडग्यानं नायकाच्या शेळ्या नेल्या. त्याच आठवड्यात कुलदीपच्या घरचा पाखऱ्या बैल मेला. नायक ओट्यावर बसल्या जागेवरून म्हणाला, "शंकरसिंग, बैल तर ठेवणारच हायस माळावर. त्याच्या पोटात कपाशीचं दाणेदार औषध भर. लांडग्याचा बराबर बंदोबस्त होतोय."

शंकरसिंग म्हणजे कुलदीपचा बाप. त्यानं जन्मात नायकाशी एक शब्द वाकडा बोललेला नाही आणि घरात एक शब्द सरळ बोललेला नाही.

"बा, गिधाडं मरतील," कुलदीप म्हणाला.

"मग तू काय त्यांचा मामा लागतो?"

कुलदीप तडक नायकाकडं गेला आणि तेच बोलला. ओट्यावरची म्हातारी माणसं हसायच्या तयारीत बसलेली होतीच.

"अकरावी सायन्स सोडून आलेलं पोरगं मला शिकवून राहिलं," नायक म्हणाला. "तिथं बेडूक फाडायला शिकवत होते म्हणं. बेडकाला घाबरून आला, आता गिधाडाची वकिली."

सगळे हसले. काम केलं दिपकनं, कुलदीपच्या थोरल्या भावानं. हाताला खताच्या पिशव्या बांधल्या आणि बैलाच्या पोटात कोपरापर्यंत औषध भरलं. दिपक तसा वाईट नव्हता. पण त्याची सोयरीक नायक जुळवून राहिला होता, आणि नायकाच्या शब्दाशिवाय त्या तांड्यात कुणाच्या दारात मांडव पडत नाही.

लांडगा मेला की नाही, कुणी बघितलं नाही. गिधाडं मेली. बाभळीवरून ओल्या गोणपाटासारखी एकेक खाली पडली. कुत्री मेली, खोकड मेलं, कावळे मेले. दिपकनं सगळं एका खड्ड्यात लोटलं. पाखऱ्या तेवढा राहिला. एका कुशीला थोडा फाटलेला, बाकी सगळा.

२

पाखऱ्या सडला नाही, हे कुलदीपला आधी कळलं नाही. तो रोज शेळ्या घेऊन बरडावर जायचा आणि बैलाकडं बघायचं टाळायचा. मग एक दिवस बघितलं. आधी फुगला होता, तो उतरून वाळला होता. कातडं ढोलकीसारखं ताणलेलं. डोळ्याच्या जागी डोळे तसेच. मुंगीसुद्धा नाही. औषधामुळं असेल, तो स्वतःला म्हणाला. असेलही.

माळावर आता टिटव्याच उरल्या होत्या. त्या मेलेलं जनावर खात नाहीत, किडे वेचतात, म्हणून वाचल्या. खड्यांत अंडी घालतात, खड्यांच्याच रंगाची, पायाखाली आली तरी दिसत नाहीत. शेळ्यांमागं हिंडून कुलदीपला त्यांच्या सगळ्या तऱ्हा माहीत झालेल्या. वर शिक्रा आला तर टिटवी गप जमिनीला चिकटते. शेळी अंड्यांकडं आली तर पंख पसरून तिच्या तोंडापुढं उभी राहते. मुंगूस आलं तर पंख मोडल्याचं सोंग करत लंगडत त्याला लांब नेते. आणि माणूस आला तर डोक्यावर घिरट्या घालून सगळ्या मुलखाला सांगते.

त्या दिवशी उन्हं कलती होती. पाखऱ्याजवळच्या जोडीनं एकदम कल्लोळ सुरू केला. कुलदीपनं बघितलं. जमीन मोकळी. दोन्ही टिटव्या एका जागेवर वरून झडप घालून राहिल्या होत्या, खाली यायच्या, वर जायच्या, परत खाली. त्या जागेवर काही नव्हतं.

आणि ती जागा सरकत होती.

हळू. माणूस जेवण करून शतपावली घालतो तशी. पाखऱ्यापासून निघाली, थांबली, थोडी वळली, परत निघाली. टिटव्या तिच्यावर नेम धरून होत्या.

साप असंल, कुलदीपला वाटलं. सापच. गवतात दिसत नसंल. पण तिथं गवत नव्हतं, मुरमाचा उघडा टापू होता. तो काठी घेऊन गेला. भुसभुशीत धुळीत टिटवीच्या पायांची नक्षी होती, दुसरं काहीच नव्हतं. ना सरपटल्याची रेघ, ना नख, ना खूर. त्यानं खाली बघितलं तर अंडी त्याच्या चपलेपासून वीतभर अंतरावर होती.

तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. काही दिसलं म्हणून नाही. तो अंड्यांवर उभा होता आणि टिटव्यांनी त्याच्याकडं वळूनसुद्धा बघितलं नव्हतं. त्यांना त्याच्यापेक्षा मोठी तकलीफ होती, आणि ती आता उताराला लागली होती.

३

"अकरावीत पुस्तकं वाचली न्हाईत, आता पाखरं वाचायलास," दिपक म्हणाला. तो घराच्या दारात बसून सायकलचं पंक्चर काढत होता.

"भिया, तू एक डाव चल माझ्यासंगं. तुझ्या डोळ्यानं बघ."

"मला काय काम न्हाई का? रविवारी पोरीकडचे येऊन राहिले. नायक म्हणला, पांढरा शर्ट घे. घेतलाय. बघ बरं, बटणं कशी हायत."

चांगला शर्ट होता. हिंगोलीहून आणलेला, घडी न मोडलेला. दिपकनं तो कुलदीपच्या अंगाला लावून बघितला आणि म्हणाला, "तुला पण घिऊ एक. आधी ते तोंड सरळ कर."

दोघांत हेच होतं. कुलदीप सगळ्या तांड्यावर चिडलेला असायचा आणि दिपक त्याला हसवायचा. बापानं कॉलेजच्या फीचे पैसे नायकाच्या देवकार्याला दिले, त्या दिवशीही दिपकनंच त्याला डोंगरकड्याच्या बाजारात नेऊन भजी खाऊ घातली होती.

पुढच्या दिवसांत ते रोज होत गेलं. उन्हं कलली की पाखऱ्याजवळची जोडी ओरडायला लागायची. मग ती गप व्हायची आणि खालची दुसरी जोडी सुरू. मग तिच्या खालची. एकीनं दुसरीच्या हातात काही द्यावं तसा तो कल्लोळ माळ उतरून येत होता. रोज थोडा जास्त खाली. कुलदीप बांधावर बसून बघायचा आणि मनात हिशेब मांडायचा. वारा असंल. उष्म्यानं पाखरं बावचळली असतील. औषधाचा अंश पोटात गेला असंल. प्रत्येक कारण पाचएक मिनिटं टिकायचं.

४

मग एका सांजेला टिटवी घरावर आली.

टिनाच्या पत्र्याखालची एकच खोली. कुलदीपची आई, मोतीबाई, चुलीपुढं भाकरी थापत होती. बाप खाटेवर. दिपक दाराकडं पाठ करून जेवायला बसलेला, कुलदीप त्याच्यासमोर. बाहेर अजून उजेड होता. शेळ्या एकाएकी भिंतीला येऊन दाटल्या, कुडाचा आवाज झाला. आणि वर टिटवी.

"अगं याडी, टिटवी आली घरावर," दिपक आईला म्हणाला आणि हसला.

मोतीबाई हसली नाही. "वाईट असतंय ते," ती म्हणाली. तिचे हात पिठात तसेच राहिले.

कुलदीप ऐकत होता. टिटवी एका जागी नव्हती. आधी कुडाच्या मागं, शेळ्यांकडं. मग पाण्याच्या टाकीपाशी. मग मागच्या भिंतीच्या बाहेरून, सावकाश, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. खोलीत बसल्या बसल्या त्याला ते पायाखालच्या वाटेसारखं समजत होतं. घराला फेरा घालून आवाज पुढं आला आणि दारावर थांबला. दार उघडं होतं. अंगण दिसत होतं, बाज दिसत होती, दिपकची सायकल दिसत होती. टिटवी उंबऱ्याच्या बरोबर वर फडफडत होती, इतकी खाली की तिच्या डोळ्यापुढचा लाल पडदा दिसला. ती ओरडत होती उंबऱ्यावर. आणि उंबऱ्याच्या आत, हातभर अंतरावर, दिपकची पाठ होती.

"भिया, हिकडं सरक," कुलदीप म्हणाला.

"काहून?"

"सरक म्हणलं ना."

दिपकनं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि ताट घेऊन सरकला. बाहेर आवाज थोडा वेळ तिथंच राहिला. मग अंगण ओलांडून माळाकडं गेला.

"कुठं काय हाय," बाप म्हणाला. "एका पाखराला भिऊन राहिले. नायकाला सांगतो मी."

आणि त्यानं सांगितलं. हेच तर त्याला येत होतं.

५

सकाळी ओट्यावर सगळे म्हातारे जमले. टिटवी एका घरावर नाही, तीन घरांवर ओरडून गेली होती. नायकानं सुपारी फोडली, तोंडात टाकली आणि निकाल दिला.

"टिटवी घरावर वरडली की घरातलं माणूस जातंय. आमच्या आज्यापासून चालत आलंय. माळावरची सगळी अंडी फोडून टाका. अंडी गेली की टिटवी थांबत न्हाई, नदीकडं निघून जाती."

"नायक, टिटवी आणत न्हाई काही," कुलदीप म्हणाला. "ती सांगून राहिली. काहीतरी येतंय अन् ते कुठं हाय ते तिला दिसतंय. तुमाला दिसत न्हाई, मला दिसत न्हाई. ती गेली तर आपल्याला कळणार कसं?"

"काय येतंय?"

कुलदीपनं नुसता माळाकडं हात केला.

"बोल की, सायन्स. काय येतंय?"

"गिधाडाच्या टायमालाबी ह्यो असाच बोंबलला होता," मागून कुणीतरी म्हणालं.

"अन् काय खोटं बोललो होतो?" कुलदीप वळून म्हणाला. "वर जाऊन बघा की. बैल मेलेला हाय अन् त्याला मुंगी शिवत न्हाई. आपण गिधाडांचं ताट नासवलं. तुमी नासवलं. आता निदान—"

बापानं भर ओट्यावर त्याच्या तोंडात मारली. म्हाताऱ्यांपैकी एकानं मान हलवली, शाबास म्हणल्यासारखी.

"दिपक," नायक म्हणाला, "दुपारी जाऊन उरकून टाक. रविवारी पाव्हणे हायत. त्यांच्या कानावर असलं जायाला नको."

दिपकनं होकार दिला. परतताना कुलदीप त्याला म्हणाला, "नको जाऊ."

"नायक म्हणला त जावं लागतंय."

"तुझ्या हातानं औषध भरलं, आता तुझ्याच हातानं अंडी. नायकाची स्वतःची पोरं कुठं हायत?"

"एवढं एकच काम," दिपक म्हणाला. "लग्न झालं की त्याला ओळखसुद्धा देत न्हाई, बघ तू." आणि नवा शर्ट घालून निघाला. घडी मोडायची म्हणाला, रविवारपर्यंत अंगाला बसायला पाहिजे.

६

दुपारचं ऊन माथ्यावर होतं. बरडावर सावली म्हणून नव्हती. कुलदीप रागानं मागं मागं गेला आणि खालच्या बाभळीखाली बसला. हात लावणार नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

दिपक काठी घेऊन चढत गेला. काम सोपं होतं. टिटवी कुठून उठली ते बघायचं, तिथं जायचं आणि टाच फिरवायची. पहिली जोडी त्याच्या डोक्यावर ओरडली. दिपक वाकला, टाच फिरवली. टिटव्या अजून थोडा वेळ ओरडल्या, खाली आल्या, फुटक्या जागेकडं बघितलं आणि नदीच्या दिशेनं गेल्या. माळाचा तेवढा भाग गप झाला.

मग दुसरी. मग तिसरी. कुलदीपला वाटलं, कुणीतरी घरातले दिवे एकेक करून मालवत चाललंय आणि ते दुसरं कुणी नाही, आपला भाऊ आहे.

शेवटची जोडी पाखऱ्याजवळची. दिपक तिथं पोचला तेव्हा लांबून पांढऱ्या ठिपक्याएवढा दिसत होता. टिटव्या ओरडून राहिल्या होत्या. कुलदीप उठून उभा राहिला. टिटव्या दिपकवर ओरडत नव्हत्या. त्याच्या मागच्या जागेवर ओरडत होत्या. पाखऱ्याच्या आणि दिपकच्या मधल्या जागेवर.

"भिया," कुलदीपनं हाक मारली. "मागं."

दिपकनं हात वर केला. झालंच, अशा अर्थानं. तो वाकला. टाच फिरवली.

टिटव्या सरळ वर चढल्या आणि निघून गेल्या.

त्यानंतर माळावर आवाजच राहिला नाही. नाकतोडा नाही, वारा नाही. कुलदीप धावायला लागला होता. मुरमावरून ऊन तापून वर उठत होतं आणि पलीकडचं सगळं पाण्यात दिसावं तसं हलत होतं. त्या हलण्यात त्याला दिपक दिसला, सरळ उभा. आणि त्याच्या भोवती आणखी काही उभं होतं. झुडपं, त्याला वाटलं. उन्हात झुडूप उंच दिसतं, हे त्याला माहीत होतं. पण हाडक्या माळावर झुडूप नाही. ती माणसाएवढी होती आणि खांद्यात वाकलेली. माना लांब, उघड्या. सगळ्यांची तोंडं आत. कुणी घाई करत नव्हतं. पंगतीत बसायच्या आधी लोक थोरल्यांसाठी थांबतात, तशी ती थांबली होती.

मग त्यांतलं एक वाकलं.

घाम डोळ्यात गेला. कुलदीपनं बाही फिरवून तो पुसला. पुन्हा बघितलं तेव्हा ऊन हलत होतं आणि माळ मोकळा होता.

त्याला पोचायला काही फार वेळ लागला नाही. काठी पडलेली होती. फुटक्या अंड्यांचा बलक अजून ओला होता. त्याच्याशेजारी पांढरा शर्ट होता, गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं लावलेली, एकही डाग नसलेला. शर्टात दिपक होता, हाडं होऊन पडलेला. धुऊन पुसून ठेवल्यासारखा. घाण नाही, माशी नाही.

बाजूला पाखऱ्या तसाच पडलेला होता, डोळे उघडे. त्याला कुणी शिवलं नव्हतं.

७

लांडगा, असं लिहून नेलं. लांडग्याशिवाय दुसरं काय असणार, असं नायक आलेल्या साहेबांना म्हणाला, आणि म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. बापानंसुद्धा.

"लांडगं बटणं लावून जातंय का?" कुलदीपनं विचारलं.

नायकानं साहेबांना खुणावलं, पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. मोतीबाईनं पांढरा शर्ट धुतला नाही, कारण धुण्यासारखं त्यावर काही नव्हतं. तिनं तो घडी करून पेटीत ठेवला.

टिटव्या परत आल्या नाहीत. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. सांजेला तांड्यावर आता चांगली शांतता असते. कधी कधी शेळ्या चरता चरता थांबतात आणि सगळ्या मिळून एका मोकळ्या जागेकडं बघतात. मग त्यांची तोंडं हळूहळू फिरतात, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडं. कुलदीप तिकडं बघत नाही. तो शेळ्यांच्या डोळ्यांकडं बघतो. पण शेळीला जवळचंच समजतं, टिटवीसारखं लांबचं नाही.

तीन वर्षांनी नायक आजारी पडला. पाय गेले. त्याची खाट अंगणात लिंबाखाली टाकलेली असायची, माळाकडं तोंड करून, आणि तो दिवसभर मान वळवत पडलेला असायचा. कुलदीप शेळ्या घेऊन जाताना त्या अंगणाजवळ आला की शेळ्या थांबायच्या. पुढं एक पाऊल टाकायच्या नाहीत.

एका सांजेला नायकानं हाक मारली. आवाज पार बारीक झालेला.

"कुलदीप, बाबा, टिटवी वरडली का रं?"

कुलदीपनं शेळ्यांकडं बघितलं. त्या सगळ्या खाटेच्या पायथ्याकडं बघून राहिल्या होत्या.

"आता कोण वरडणार, नायक," तो म्हणाला आणि शेळ्या वळवून दुसऱ्या वाटेनं घरी गेला.

नायकाचं पुढं काय झालं ते नायकाच्या घरच्यांनी बघून घ्यावं. कुलदीपला एक भाऊ होता, दिपक. तो गेला.